सरवा म्हणजे काय? वाचनात अडलेल्या शब्दांविषयी एक पाठ

पाठासाठी वाचन: रूथ, अध्याय २, लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९-२२, निर्गम १६:१३-३६, लूक ३:७-१४, प्रेषितांची कृत्ये ८:२६-३५.

इंदूरमधील एका मराठी घरी संध्याकाळची कौटुंबिक उपासना चालू होती. त्या दिवशी वाचनाची पाळी सातवीत शिकणाऱ्या नातीची होती. तिची शाळा हिंदी व इंग्रजी. मराठी वाचायचे ते घरी आणि मंदिरात, एवढेच. रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय तिने न अडखळता, खणखणीत आवाजात वाचला. मात्र जेथे जेथे 'सरवा' हा शब्द आला तेथे तेथे तिने 'सर्व' असे वाचले. वाचन संपल्यावर आजोबांनी विचारले, "काय समजलं, बाळ?" ती म्हणाली, "रूथ बवाजच्या शेतात गेली आणि तिथलं सर्व गोळा करून घरी घेऊन आली."

सगळे हसले. आजी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "अगं, सर्व नव्हे, सरवा. सर्व नेलं असतं तर ती चोरी झाली असती! कापणी झाल्यावर रानात मागं ज्या ओंब्या पडून राहतात ना, त्याला सरवा म्हणायचं. लहानपणी आम्हीही जायचो की वेचायला."

एका अक्षराचा फरक; पण अर्थ अगदी उलटा झाला. 'सर्व' म्हणजे सगळे, आणि 'सरवा' म्हणजे सगळे नेल्यावर मागे उरलेले. विशेष हे की मोठी माणसे ऐकत बसली होती, तरी वाचन चालू असताना कोणी थांबले नाही. आपलेही असेच होते. अनोळखी शब्द आला की आपण त्यावरून उडी मारतो. वाक्य पुढे जाते, अध्याय संपतो, 'वाचन झाले' असे समाधान वाटते. आणि अर्थ मात्र रानात पडून राहतो.

त्या घरी आजी होती म्हणून काम झाले. पण ज्या घरी अशी आजी नाही, तेथे वाचकाने काय करावे? कोश जवळ नाही, विचारायला कोणी नाही, आणि शब्द तर अडला आहे. अशा वेळी अर्थ शोधण्याचे काही साधे मार्ग आहेत. ते कोणालाही शिकता येतात. या पाठात तेच पाहू या.

१. आधी परिच्छेद पुरा वाचा, मग मागे फिरा

अडलेला शब्द एकट्याने कधीच येत नाही. त्याच्या मागेपुढे त्याचे शेजारी असतात, आणि नवख्या माणसाची ओळख जशी शेजाऱ्यांकडून होते तशीच शब्दाचीही होते. म्हणून शब्द अडताच घाबरून पुस्तक मिटू नये, किंवा लगेच कोशाकडे धावू नये. त्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढावी, परिच्छेद शेवटपर्यंत वाचावा आणि मग परत यावे.

'सरवा' याच शब्दावर हे करून पाहा. समजा, तो आपण जन्मात ऐकलेला नाही. रूथच्या दुसऱ्या अध्यायातून काय काय कळते? हंगाम कापणीचा आहे. रूथ कापणाऱ्यांच्या पुढे नाही, तर त्यांच्या मागून चालते. ती कापत नाही, 'वेचते'. आणि वेचायचे ते जमिनीवर पडलेलेच असते. पुढे बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही ओंब्या तिच्यासाठी मुद्दाम टाकत चला. संध्याकाळी ती वेचलेले झोडते, तेव्हा त्यातून धान्य निघते. एवढ्या पाच खुणा मिळाल्यावर अर्थ जवळजवळ हातात आला: कापणाऱ्यांच्या मागे जमिनीवर पडून राहिलेली कणसे.

याच अध्यायात 'सातू' हा शब्द आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकाला सातू म्हटले की भाजलेल्या धान्याचे पीठ, म्हणजे सत्तू, आठवेल. पण पीठ शेतात उभे कसे राहील आणि त्याची कापणी कशी होईल? येथे शेजारचे शब्दच चुकीचा अर्थ मोडून काढतात. शेतात उभा राहणारा सातू म्हणजे जव. शेजाऱ्यांचा असा दुहेरी उपयोग होतो: ते खरा अर्थ सुचवतात आणि खोटा अर्थ घराबाहेर काढतात.

२. लेखकाने स्वतः काही सांगितले आहे का, ते पाहा

पुष्कळदा अवघड शब्दाचा अर्थ लेखक स्वतःच देतो. घाईत आपले तिकडे लक्ष जात नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की आपल्या सर्व वाचकांना इब्री व अरामी भाषा येत नाही. म्हणून रब्बी म्हणजे गुरू, मशीहा म्हणजे ख्रिस्त, गुलगुथा म्हणजे कवटीची जागा, असे अर्थ त्यांनी ठिकठिकाणी जोडून दिले आहेत. 'म्हणजे' हा लहानसा शब्द दिसला की वाचकाने कान टवकारावेत.

कधी अर्थ थोडा दूर ठेवलेला असतो. रूथने झोडलेले सातू सुमारे एक एफा भरले. एफा म्हणजे किती? रूथच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. पण निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याची हकिगत आहे. तेथे दर माणशी रोजचा एक ओमर मान्ना गोळा करायला सांगितले आहे, आणि अध्यायाच्या अगदी शेवटी ओमर हा एफाचा दहावा भाग असे स्पष्ट दिले आहे. आता हिशेब सोपा झाला. एक एफा म्हणजे त्या मापाने एका माणसाचे दहा दिवसांचे अन्न. घरात सासू आणि सून अशी दोन माणसे. म्हणजे पाच दिवसांची सोय एका दिवसाच्या वेचणीत झाली. ते भरलेले माप पाहून आज तू कोठे वेचलेस, असे नामीने आश्चर्याने का विचारले, ते आता कळते. साध्या सरव्यात एवढे धान्य निघत नाही, हे त्या म्हाताऱ्या बाईने ओळखले होते.

आजच्या मापाने एफा सुमारे २२ लिटर असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तो आकडा उपयोगाचा आहेच. परंतु 'दोघींना पाच दिवस पुरेल एवढे' हा अर्थ आपण पुस्तकातूनच शोधला, म्हणून तो अधिक लक्षात राहील.

३. तोच शब्द दुसरीकडे कोठे आला आहे?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात, पौल आपल्या पालटाची हकिगत सांगतो तेथे, 'पराणी' हा शब्द आहे. पराणीवर लाथ मारणे कठीण, असा तेथील भाव आहे. खेड्यातल्या बोलीत 'प्राणी' या शब्दाचा उच्चार 'परानी' असा होतो. त्यामुळे येथे कोणा जनावराला लाथ मारण्याची गोष्ट आहे, असे एखाद्याला वाटेल. वाक्यात तो अर्थ कसाबसा बसतोही. शेजारचे शब्द येथे फार मदत करत नाहीत. मग काय करावे? दुसरी ठिकाणे पाहावीत.

शास्ते यांच्या तिसऱ्या अध्यायात शमगाराने बैलांच्या पराणीने सहाशे पलिष्टी मारले, असे आहे. म्हणजे पराणी ही वस्तू आहे, ती बैलांच्या कामाची आहे, आणि वेळ पडली तर हत्यार म्हणून हातात घेता येते. पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात इस्राएलाला लोहार नसल्यामुळे शेतीची अवजारे घेऊन पलिष्ट्यांकडे जावे लागे, असा मजकूर आहे, आणि त्या अवजारांत पराणीही आहे. म्हणजे तिला लोखंड असते. तिन्ही ठिकाणे शेजारी ठेवली की वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते: बैल हाकण्याची, टोकाला लोखंडी आर असलेली लांब काठी. तिच्यावर बैलाने लाथ झाडली तर दुखापत कोणाला? बैलालाच. एका ठिकाणी बंद असलेले दार तीन ठिकाणांच्या मदतीने उघडले.

४. शब्दाची घडण पाहा, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका

पुष्कळ शब्द उकलून पाहता येतात. सुवार्ता म्हणजे सु अधिक वार्ता, चांगली बातमी. वल्हांडण हा शब्द एखाद्या मुलाला भांडणाच्या जातीचा वाटेल. पण त्याचे नाते ओलांडण्याशी आहे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात दारावरचे रक्त पाहून परमेश्वर ते घर ओलांडून गेला, अशी जी कथा आहे तीच त्या सणाच्या नावात साठवलेली आहे.

परंतु घडण नेहमी पुरा अर्थ देत नाही. 'पश्चात्ताप' घ्या. पश्चात म्हणजे मागाहून, ताप म्हणजे जळणे, पोळणे. तेव्हा पश्चात्ताप म्हणजे चूक झाल्यावर मनाला लागलेली टोचणी, असे आपण म्हणतो आणि तेथेच थांबतो. आता लूकच्या तिसऱ्या अध्यायात हा शब्द पाहा. योहानाचा उपदेश ऐकून लोक विचारतात, आम्ही काय करावे? योहान त्यांना रडा असे सांगत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायांनी जुलूम करू नये व आपल्या पगारात समाधान मानावे, असे तो सांगतो. येथे पश्चात्ताप हा मनाच्या तापावर संपत नाही, तो हातापायांच्या वागण्यापर्यंत येतो. मूळ ग्रीक शब्दातही मन बदलणे हाच भाव आहे. घडणीने अर्धा अर्थ दिला. उरलेला अर्धा प्रसंगाने दिला. जो घडणीवर थांबला त्याचे अर्धे राहिले.

५. ओळखीचा शब्द अधिक फसवतो

अनोळखी शब्दापाशी निदान आपण अडतो तरी. ओळखीच्या चेहऱ्याचा शब्द मात्र आपल्याला न अडवता चुकीच्या वाटेने नेतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांत ही अडचण विशेष आहे. हिंदी शिकलेल्या मुलाला 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत ती दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत वरच्या उलट. हिंदीत 'संसार' म्हणजे जग. मराठीत बहुधा घरप्रपंच. बेळगावकडे कन्नड शाळेत जाणाऱ्या मुलाच्या कानात 'तायी' म्हणजे आई, आणि घरी 'ताई' म्हणजे मोठी बहीण. बडोद्यात गुजराती शेजाऱ्यांचे 'दादा' म्हणजे आजोबा, आपले दादा म्हणजे थोरले भाऊ.

यांतले काही शब्द वाक्यात बसत नाहीत, म्हणून चूक लगेच उघड होते. जक्कय झाडावरून 'रिकामा' उतरला, असे कोणी म्हणणार नाही. पण इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात, पिता ज्या पुत्रावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, या अर्थाचे वचन आहे. तेथे हिंदी अर्थही छान बसतो: बाप मुलाला शिकवतो! मग खरे काय? पुढचे शब्द पाहावेत. तेथे फटक्यांचा उल्लेख आहे. म्हणजे मराठी शब्दाचा अर्थ दंड हाच. तरी त्या मुलाला अगदीच चुकला म्हणून गप्प बसवू नये. मूळ ग्रीक शब्दात मुलाला वळण लावणे असा अर्थ आहे, आणि त्यात शिकवणे व दंड करणे ही दोन्ही येतात.

मराठीतल्या मराठीतही असे घडते. मंदिरात 'तारण' म्हणजे पापापासून सुटका. बँकेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' म्हणजे दागिना गहाण ठेवून घेतलेले पैसे. येशूने दिलेला 'दाखला' निराळा आणि शाळा सोडल्याचा 'दाखला' निराळा. शब्द एकच, कोणाच्या घरी भेटला यावर त्याचा अर्थ ठरतो.

६. अंदाज बसवून पाहा, मग पक्का करा

वरील मार्गांनी जो अर्थ हाती येतो तो अंदाज असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. अडलेल्या शब्दाच्या जागी आपला अर्थ ठेवावा आणि वाक्य मोठ्याने वाचावे. वाक्य सरळ चालले तर पुढे जावे. लंगडले तर पुन्हा शोधावे. इंदूरच्या त्या मुलीने 'सर्व' हा अर्थ तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी असा बसवून पाहिला असता, तर तिचे तिलाच कळले असते.

शेवटी कोश पाहावा. आधी अंदाज व मग कोश, हा क्रम उपयोगाचा आहे. कारण कोशात एका शब्दाचे पाच-सहा अर्थ असतात, आणि आपल्या वाक्याला कोणता लागू, हे कोश सांगत नाही. मराठी शब्दांची नोंद करण्यासाठी आपल्या आधीच्या लोकांनी अपार कष्ट घेतले आहेत. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश श्रीरामपूरला १८१० साली छापला गेला. मोल्सवर्थ यांचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला व त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. त्याच १८३१ साली बेळगावात बाबा पदमनजींचा जन्म झाला, आणि पुढे त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप तयार केला. दाते व कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ व दाते-कर्वे यांचे कोश आज मोबाइलवरही फुकट पाहता येतात. तेव्हा 'कोश नाही' ही सबब आता फारशी उरलेली नाही.

कोशाइतकाच मोलाचा दुसरा आधार म्हणजे जुनी माणसे. सूप, खळे, जू, पराणी, सरवा हे शब्द ज्यांच्या हातांनी वापरले ते हात आता थकले आहेत. त्यांना विचारण्याचे दिवस फार उरलेले नाहीत. सरवा वेचताना कंबर कशी दुखते, हे कोणत्याही कोशात लिहिलेले नाही; ते आजीच सांगू शकते.

एवढा खटाटोप कशासाठी?

कोणी म्हणेल, एका शब्दासाठी इतके कष्ट कशाला? कथेचे सार कळले, पुरे झाले. याचे उत्तर पुन्हा रूथच्या शेतातच आहे.

'सरवा' हा शब्द नीट कळला की आपण लेवीय व अनुवाद या पुस्तकांकडे वळतो. तेथे शेतकऱ्याला आज्ञा आहे की शेताचे कोपरे पुरते कापू नयेत, सरवा वेचू नये. तो गरिबांसाठी, परक्यासाठी, पोरक्यासाठी व विधवेसाठी राहू द्यावा. रूथ मवाबी, म्हणजे परकी, आणि विधवाही. तिने नम्रपणे परवानगी मागितली हे खरे. परंतु ती भीक मागत नव्हती. नियमशास्त्राने तिच्यासारखीसाठी राखून ठेवलेला वाटा ती घेत होती. 'सर्व' वाचले तर रूथ चोर ठरते. शब्द ओलांडून पुढे गेलो तर ती भिकारीण वाटते. 'सरवा' कळला तरच ती आपल्या हक्काचे, घाम गाळून, मान ताठ ठेवून मिळवणारी स्त्री दिसते.

आणि बवाजही तेव्हाच नीट दिसतो. सरवा राहू देणे हे त्याचे कर्तव्य होते. त्यात उपकार नव्हता. पण पेंढ्यांच्या मधूनही तिला वेचू द्या, तिच्यासाठी ओंब्या मुद्दाम टाका, तिला धमकावू नका, हे त्याला कोणत्याही आज्ञेने सांगितले नव्हते. कर्तव्य कोठे संपले आणि दया कोठे सुरू झाली, ती रेघ या एका शब्दाने दाखवली. आपण गरिबाला जे देतो त्यातले किती त्याचेच होते आणि किती आपण खरोखर दिले, हा प्रश्न मग आपल्यालाही विचारता येतो. शब्द न कळता हा प्रश्न मनात आलाच नसता.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात नियमशास्त्र वाचून दाखवताना लेवी लोकांना अर्थ समजावून देत होते. लोकांनी मोठा आनंद केला तो आपल्याला समजले म्हणून. प्रेषितांच्या कृत्यांत कूशी षंढ रथात बसून यशया वाचत होता. समजते का, असे फिलिप्पाने विचारले तेव्हा तो मोठा अधिकारी लाजला नाही. कोणी सांगितल्यावाचून कसे समजणार, असे त्याने उघड म्हटले. अडलो हे कबूल करणे ही समजण्याची पहिली पायरी आहे.

तेव्हा आपल्या घरच्या उपासनेत एवढे करावे. वाचन थोडे कमी झाले तरी चालेल, पण एका शब्दापाशी थांबावे. मुलाने चूक वाचले तर हसू नये. त्याला कोठून तसे वाटले ते विचारावे. मोठ्यांनाही शब्द आला नाही तर 'मला ठाऊक नाही, आपण मिळून शोधू' असे म्हणायला संकोचू नये. घरात मराठी टिकण्याचा हाही एक मार्ग आहे.

घरी करून पाहा

एक वही करावी. दर आठवड्यास अडलेले तीन शब्द लिहावेत. प्रत्येकापुढे चार रकाने असावेत: कोठे भेटला, माझा अंदाज, कशावरून, आणि कोशातील किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितलेला अर्थ. अंदाज चुकला तर खोडू नये. चूक कशी झाली ते पाहण्यातच शिक्षण आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात सूप, खळे व भूस हे शब्द एकत्र येतात. यांपैकी एकच शब्द ठाऊक असेल तर उरलेल्या दोहोंचा अर्थ कसा काढाल?
२. आपल्या गावच्या शेजारभाषेतील कोणता शब्द मराठीत निराळ्या अर्थाने येतो? त्यामुळे वाचनात कधी घोटाळा झाला आहे काय?
३. 'पश्चात्ताप' या शब्दाचा लूकच्या तिसऱ्या अध्यायातून मिळणारा अर्थ आपल्या व्यवहारात कोठे लागू पडतो?
४. आज आपल्या घरात, दुकानात किंवा नोकरीत 'सरवा' कोणता? तो कोणासाठी मागे राहतो?